आप्पांच्या गळ्यातली डबी आणि ताणूनही न विसरणारी मेमरी

मे महिन्यात आप्पांच्या छातीवर सात चकत्या चिकटल्या. ठोका मधूनच चुकतो म्हणून डॉक्टरांनी चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदणारं यंत्र, लावायला सांगितलं होतं. चकत्यांच्या वायरी बनियनच्या गळ्यातून बाहेर येत आणि पट्ट्यानं गळ्यात अडकवलेल्या एका डबीत शिरत. सोलापूरचा मे, त्यात दुपारी लाइट गेलेली. घामानं दोन चकत्या सुटल्या, त्या मी चिकटपट्टीनं परत बसवल्या. रात्री आप्पा कुशीवर वळले की डबी बरगडीखाली जायची. सकाळी म्हणाले, "हृदय माझं, पण रात्रभर सांभाळलं ह्या डबीला."

डबी परत द्यायला गेलो तेव्हा तिथल्या मुलानं ती उघडून आतलं मेमरी कार्ड काढलं. नखाएवढं. बाकी डबीत बॅटरी आणि हिरवी पट्टी. या प्रकाराला ज्याचं नाव मिळालं, त्या नॉर्मन होल्टर यांचं १९४० च्या दशकातलं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि ते पाठीवर घेऊन हिंडावं लागे. त्या मानानं आप्पांची डबी म्हणजे काहीच नाही. पण ती टणक होती, आणि माणूस टणक नसतो. श्वास घेतला की छाती फुगते, गुडघा दुमडला की त्यावरची कातडी ताणली जाते, सांध्यांपाशी तर तीस टक्क्यांपर्यंत. चकत्या मऊ करता येतात, वायरीही लवचिक होतात. मग लक्षात ठेवणारा भागच टणक का? बॅटरीचं दुखणं वेगळं आहे, त्यावर पुन्हा कधी. आज फक्त मेमरी.

तुम्ही म्हणाल, मेमरी अंगावर हवीच कशाला, सगळं मोबाइलला पाठवून द्या. हिशेब करून बघा. हृदयाचा आलेख काढताना सेकंदाला २५० वेळा मोजणी केली आणि दर मोजणीला दोन बाइट धरले, तर सेकंदाला ५०० बाइट, आणि दिवसाला चार कोटी बत्तीस लाख. ही एकाच वायरीची गोष्ट. हे सगळं सतत रेडिओवरून पाठवायचं तर बॅटरी त्यातच संपते. शिवाय आप्पा मोबाइल चार्जिंगला लावून देवळात जातात. म्हणजे काही काळ तरी जवळच साठवून ठेवावं लागतं.

आता भाकरीकडे वळू.

सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सिलिकॉन वेगळं समजावून सांगायला नको. ज्वारीचीच, पण पापडासारखी. वाकवायला गेलात की कडकन दोन तुकडे. गरम मऊ भाकरी मात्र घडी घालून फडक्यात बांधता येते. चिपमधलं सिलिकॉन पहिल्या जातीचं. त्याला सुमारे एक टक्का ताणलं की ते तडकतं. शंभर मिलिमीटरची पट्टी एक मिलिमीटरनं लांब करायला गेलात की संपलं. आणि गुडघ्याची मागणी तीस मिलिमीटरची.

इथे एक घोळ कायम होतो. वाकणं आणि ताणलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्राचा कागद हवा तसा वाकतो, पण तो ताणून लांब करून दाखवा. वाकवायचं असेल तर वस्तू पातळ केली की भागतं. एखादी गोष्ट वाकवली की बाहेरची बाजू थोडी ताणली जाते, आतली दाबली जाते. बाहेरच्या बाजूवरचा ताण काढायला जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीनं भागायचं. अर्धा मिलिमीटर जाडीचं सिलिकॉन पाच मिलिमीटर त्रिज्येत, म्हणजे बोटाएवढ्या वस्तूभोवती, वाकवलं तर ताण पाच टक्के. तुटणारच. तेच सिलिकॉन घासून पाच मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांशांवर आणलं, तर त्याच वळणावर ताण ०.०५ टक्के. खुशाल गुंडाळा. मोबाइलचे घडीचे पडदे याच हिशेबावर उभे आहेत. पण कातडीबरोबर ताणलं जायचं असेल तर पातळपणा कामाला येत नाही. तिथे दुसरी युक्ती लागते.

युक्तीकडे जाण्याआधी मेमरी म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघायला हवं, आणि त्यासाठी सोलापुरात लांब जावं लागत नाही.

पूर्व भागात माझ्या शाळेपासूनच्या मित्राचे चार माग आहेत. त्यातला एक अजून जुन्या पद्धतीच्या जेकार्डवर चालतो. बाकीच्यांना हल्ली पेन ड्राइव्ह लागतो. मी गेलो तेव्हा तो स्टुलावर चढून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ तपासत होता. धाग्यानं एकमेकांना शिवलेली शेकडो कार्डं मागाच्या डोक्यावरून एकामागून एक फिरत येतात. जिथे कार्डाला भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा हुक जागेवर राहतो, आणि तो ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. खालून धोटा बाणा घेऊन निघून जातो. मग पुढचं कार्ड. चादरीवरचा मोर असा भोक आहे की नाही या एवढ्याच उत्तरातून उभा राहतो. भोक म्हणजे १, भोक नाही म्हणजे ०. अशा एका उत्तराला बिट म्हणतात.

जोसेफ मारी जाकार यांनी फ्रान्सच्या ल्यों शहरात १८०४ च्या सुमारास ही रचना पक्की केली. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं मोजली. संगणकाच्या मेमरीची वंशावळ काढली तर ती अशी मागावर येते. सोलापूरकरांनी याचा जरा अभिमान बाळगायला हरकत नाही, शोध आपला नसला तरी.

"काय करलालास बे?" मी विचारलं.

त्यानं एक कार्ड दाखवलं. एक भोक फाटून शेजारच्या जागेत गेलं होतं. "हे एक फाटलं बे, तर मोराच्या मानेवर दर वेळी ठिपका येलालाय. चाळीस चादरी गेल्या अशाच." त्यानं त्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि खिळ्यानं भोक नव्यानं पाडलं. एका बिटची चूक आणि तिची दुरुस्ती इतक्या जवळून मी कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

पुठ्ठ्यात भोक पाडलं की ते वीज गेली तरी भोकच राहतं. पेन ड्राइव्ह आणि आप्पांच्या डबीतलं कार्ड यांत हेच काम इलेक्ट्रॉन करतात. चारी बाजूंनी विद्युतरोधक थर असलेल्या एका बारीक कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलून कोंडून ठेवायचे. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून ० की १ ओळखायचं. रोधक थर चांगला असेल तर इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं बाहेर पडत नाहीत. कल्पना १९६७ ची, बेल लॅब्जमधल्या दावोन कांग आणि सायमन झी यांची. ऐंशीच्या दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी तिची फ्लॅश मेमरी केली. पण या कप्प्यांच्या भिंती काही नॅनोमीटर जाडीच्या. त्यांना तडा गेला की कोंडलेलं सगळं निसटलं. ताणायच्या वस्तूत ही जात बसवणं म्हणूनच अवघड.

म्हणून ताणता येणाऱ्या मेमरीच्या मागे लागलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या जातीकडे वळतात. तिची रचना इतकी साधी आहे की खवा भरलेल्या पोळीसारखी म्हणता येईल. वर एक धातू, खाली एक धातू, मध्ये विद्युतरोधक पदार्थाचा पातळ थर. बस. समजा वरचा धातू चांदी आहे. वरच्या बाजूला धन व्होल्टेज दिलं की चांदीचे काही अणू इलेक्ट्रॉन टाकून आयन होतात आणि मधल्या थरात उतरतात. पलीकडे पोचले की त्यांना इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि ते पुन्हा चांदी होऊन तिथेच बसतात. एकावर एक बसत बसत वरपर्यंत चांदीचा बारीकसा धागा तयार होतो. आता वीज त्यातून सहज जाते. हे झालं १. उलटं व्होल्टेज दिलं की धागा मध्येच विरघळून तुटतो, वीज अडते. हे झालं ०. पुरवठा बंद केला तरी धागा जसा असेल तसा राहतो. काही प्रकारांत चांदीऐवजी ऑक्साइडमधून ऑक्सिजन निघून गेल्यावर मागे राहिलेल्या मोकळ्या जागांचा धागा होतो, पण गोष्ट तीच.

याला रोधावर, म्हणजे वीज किती अडते यावर, चालणारी मेमरी म्हणायचं. मेमरिस्टर हा शब्द वाचला असेल, तोही याच घरातला. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये असा घटक असायला हवा असं गणितानं मांडलं आणि २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेनं टायटॅनियम डायऑक्साइड वापरून तो हाताशी आल्याचं जाहीर केलं. एचपीनं दाखवलेला घटक म्हणजे खरंच चुआंचा मेमरिस्टर का, यावर विद्वानांत अजून वाद आहेत. आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही. आपल्याला एवढंच कळलं पाहिजे की इथे आठवण रोधाच्या रूपात लिहिलेली असते. रोध जास्त म्हणजे ०, कमी म्हणजे १.

आणि खरी गोम इथेच आहे.

एखादी तार ताणली की तिचा रोध वाढतो. दोन कारणांनी वाढतो. ती लांब होते, आणि लांब होताना बारीकही होते. आकारमान तेवढंच राहतं असं धरलं तर तीस टक्के ताणल्यावर लांबी १.३ पट, तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ १.३ नं भागलेलं, म्हणजे रोध १.३ गुणिले १.३, सुमारे १.७ पट. श्वास मोजणारे, सांध्याची हालचाल मोजणारे मऊ सेन्सर याच गुणावर जगतात. छाती फुगली, रोध वाढला, एक श्वास नोंदला. सेन्सरनं ताण ओळखायचा असतो. मेमरीनं त्याच ताणाकडे साफ दुर्लक्ष करायचं असतं. दोघं एकाच रबराच्या तुकड्यावर, खेटून बसलेले, दोघंही रोधाचीच भाषा बोलणारे, आणि दोघांकडून अगदी उलट वागण्याची अपेक्षा. वस्तू नुसती ताणली जावी हे जमवायला लोकांनी बऱ्याच वाटा काढल्या आहेत. ताणलेलं असताना तिनं ताण आणि आठवण यांची गल्लत करू नये, हे त्याहून कठीण आहे. या विषयावरच्या बातम्या "रबरासारखी चिप!" म्हणून टाळ्या घेतात, आणि हा भाग त्यांत हटकून गळतो.

यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे ० आणि १ यांच्यात प्रचंड अंतर ठेवणं. समजा १ चा रोध हजार ओहम आणि ० चा दहा लाख. ताणल्यावर हजाराचे सतराशे झाले तरी दहा लाखांच्या जवळपासही ते जात नाहीत. वाचणाऱ्याची चूक व्हायचं कारण नाही. पण मेमरीच्या एकाच घरात, म्हणजे नोंदीच्या एका जागेत, दोनऐवजी चार पायऱ्या लिहून जास्त माहिती कोंबायचा मोह झाला, म्हणजे हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार अशा जवळच्या पायऱ्या ठेवल्या, तर मात्र तिसाव्या टक्क्यावर हजार आणि दोन हजार एकमेकांच्या अंगावर पडतात. लोभ आवरावा लागतो.

दुसरी भानगड लिहिण्याची. रबर लांब झालं की त्याची जाडी कमी होते. तीस टक्के ताणल्यावर मधला थर सुमारे बारा टक्क्यांनी पातळ होतो. व्होल्टेज तेवढंच, पण थर पातळ, म्हणजे आतलं विद्युत क्षेत्र सुमारे चौदा टक्क्यांनी जास्त. आरामात बसलेल्या माणसाच्या अंगावर जे व्होल्टेज नुसतं वाचायचं काम करत होतं, ते जिना चढताना लिहूनही जाऊ शकतं. म्हणून वाचायचं आणि लिहायचं व्होल्टेज यांतही ऐसपैस अंतर ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात त्रासदायक वाटते. वायर तुटली तर वीज जात नाही, आणि वीज न जाणं म्हणजेच तर ०. तुटलेली वायर स्वतःहून ओरडत नाही, ती निमूट शून्य सांगत राहते. मागावर चूक झाली तर मोराच्या मानेवर ठिपका तरी दिसतो. इथे ठोका चुकला नाही असा रिपोर्ट येईल. यावर उपाय आहेत. माहितीबरोबर थोडे जादा बिट लिहायचे, त्यांची बेरीज जुळली नाही की गडबड कळते. पण त्यासाठी जागा लागते, आणि जागेचीच इथे वानवा आहे. त्याकडे येतोच.

आधी ताणायच्या युक्त्या. तीन आहेत, आणि पहिल्या दोन कुठल्याही शिंप्याला समजतील.

सोलापुरात गणवेश शिवायचा मोठा धंदा आहे. शाळेच्या चड्डीला मागे इलॅस्टिक कसं लावतात बघा. इलॅस्टिक ताणून धरायचं, त्या ताणलेल्या स्थितीत कापडावर शिवायचं, आणि सोडायचं. इलॅस्टिक आखडतं, कापडाला चुण्या पडतात. नंतर पोरगं कितीही खाऊन फुगलं तरी कापड ताणलं जात नाही, फक्त चुण्या उलगडतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटानं २००६ मध्ये सिलिकॉनवर हेच केलं. रबर ताणलं, त्यावर अतिशय पातळ सिलिकॉनच्या फिती चिकटवल्या, रबर सोडलं. फिती लाटांसारख्या उभ्या राहिल्या. आता रबर ताणलं की लाटा सपाट होतात, सिलिकॉनवर ताण जवळजवळ येतच नाही. कडक भाकरीच, पण चुण्या घातलेली.

दुसरी युक्ती म्हणजे भाकरीचे तुकडे करून टॉवेलवर अंतराअंतरानं मांडणं. टॉवेल ताणला की तुकड्यांमधलं अंतर वाढतं, तुकडे मोडत नाहीत. मेमरीची घरं या टणक बेटांवर ठेवायची आणि बेटांना जोडणाऱ्या वायरी नागमोडी आखायच्या, म्हणजे त्या उलगडत लांब होतील. घरी करून बघायचं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची एक सरळ पट्टी त्यावर चिकटवा, शेजारी एक कात्रीनं नागमोडी कापलेली फक्त दोन टोकांना चिकटवा, आणि मल्टिमीटर लावून ताणा. माझी सरळ पट्टी पहिल्याच ओढीला फाटली. नागमोडी तीन वेळा टिकली, मग वळणावर चिरली. तीक्ष्ण वळणं गोल करून कापली तेव्हा पुष्कळ वेळ चालली. संशोधक वळणांच्या त्रिज्येवर इतकी डोकेफोड का करतात ते मला त्या दुपारी कळलं. बायकोला ट्यूबचा वास कळला, तो वेगळा विषय.

दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठात किम दे-ह्योंग यांच्या गटानं २०१४ मध्ये अशी एक पट्टी करून दाखवली. कातडीला चिकटणाऱ्या एकाच पातळ तुकड्यात हालचाल ओळखणारे सेन्सर, नोंद ठेवणारी मेमरी, तापवणारा घटक आणि औषध भरलेले सूक्ष्म कण. पार्किन्सनसारख्या आजारात हाताला येणारा कंप मोजायचा, तो साठवायचा आणि त्यानुसार ऊब देऊन औषध कातडीतून सोडायचं, असा बेत. त्यातली मेमरी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ पडद्यांची होती आणि मध्ये सोन्याचे नॅनोकण पेरले होते. डॉक्टरांच्या हातात द्यायची वस्तू नव्हे ती, प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक. पण सगळे घटक एकत्र नांदू शकतात हे दिसलं.

तिसरा मार्ग जास्त हट्टी लोकांचा. त्यांचं म्हणणं, लपवाछपवी नको, पदार्थच असा घ्या की जो स्वतः ताणला जाईल. वायरीच्या जागी चांदीच्या नॅनोतारांचं जाळं. कंगव्यात अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखं ते असतं, ताणलं की तारा एकमेकींवरून घसरतात पण एकमेकींना टेकलेल्या राहतात. रोधक म्हणून रबरासारखे पॉलिमर. अर्धवाहकही मऊ पॉलिमरचेच. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटानं असे संपूर्ण ताणता येणारे ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे बारीक घटक, एका चौरस सेंटिमीटरमध्ये ३४७ बसवले, आणि तो त्या वेळी मोठा पल्ला मानला गेला. आजच्या टणक चिपवर एका चौरस मिलिमीटरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात.

मऊ पदार्थात चांदीचा धागा उगवायचा म्हणजे आणखी एक नखरा असतो. टणक ऑक्साइडमध्ये त्याची वाट त्यातल्या त्यात ठरलेली असते. मऊ पॉलिमरमध्ये तो आज इथून, उद्या तिथून जातो, त्यामुळे लिहायला लागणारं व्होल्टेज दर वेळी थोडं बदलतं. म्हणून थरात धातूचे कण पेरून त्याला रस्ता आखून देतात. शेतात पाणी कुठेही जाऊ नये म्हणून पाट काढतो, तसं.

सगळ्यात मजेशीर प्रकार द्रव धातूचा. गॅलियम हा धातू २९.८ अंशांना वितळतो, म्हणजे सोलापुरात एप्रिलमध्ये तो टेबलावर ठेवला तर दुपारपर्यंत वाटीत घ्यावा लागेल. त्यात चौथा हिस्सा इंडियम मिसळलं की मिश्रण सोळा अंशांच्या आतबाहेरच वितळतं आणि आपल्याकडच्या थंडीतही बहुतेक वेळ पातळच राहतं. त्याच्या अंगावर हवेत ऑक्साइडची बारीक साय धरते. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या गटानं या द्रव धातूच्या दोन टोकांमध्ये पाणीदार जेल ठेवून मेमरी केली. एका दिशेनं व्होल्टेज दिलं की साय जाड होते आणि वीज अडते, उलट दिशेनं दिलं की साय जाते आणि वीज वाहते. सायीवर आठवण लिहायची! सगळं यंत्र जेलीसारखं लिबलिबीत, मोडायला त्यात टणक असं काही नाहीच. उपयोगाला येईल तेव्हा येईल, मला ती कल्पनाच फार आवडली.

आता क्षमतेचा प्रश्न. शोधनिबंधांतल्या ताणता येणाऱ्या मेमरीत बरेचदा दहा बाय दहा अशी शंभर घरं असतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर बिट म्हणजे साडेबारा बाइट. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, उकार ही वेगळी चिन्हं धरतात. "सोलापूर" या शब्दाची सात चिन्हं, एकवीस बाइट, १६८ बिट. त्या शंभर घरांत गावाचं नावसुद्धा मावत नाही. "सोला" एवढं मावतं आणि चार घरं उरतात. मित्राच्या मागावर चारशे हुकांचं जेकार्ड आहे, तिथे एकेका पुठ्ठ्यावर चारशे जागा. म्हणजे माळेतलं एक कळकट कार्ड अशा मेमरीपेक्षा चौपट माहिती घेऊन फिरतं. आणि आप्पांच्या एका दिवसाला चार कोटी बाइट हवे होते.

हे अंतर का मिटत नाही? एक तर चांगले ऑक्साइड थर बसवायला बरेचदा शेकडो अंश तापमान लागतं, तेवढ्यात रबर जळून जातं. दुसरं, चिपवर बारीक नक्षी काढायला जी द्रावणं वापरतात त्यांतल्या काहींनी रबर पाव भिजावा तसं फुगतं आणि नक्षी हलते. म्हणून मेमरी टणक पृष्ठभागावर करून मग रबरावर छापासारखी उतरवावी लागते. उतरवताना काही घरं मरतात. तिसरं, घरं फार जवळ आणली की वायरींना नागमोडी व्हायला जागाच उरत नाही.

त्यात आपलं हवामान. सिलिकोन रबर (चिपमधलं सिलिकॉन नव्हे, हे मऊ असतं) कातडीला मानवतं, पण त्यातून पाण्याची वाफ सहज आरपार जाते. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. आतल्या चांदीला दोन्ही मानवत नाहीत. वाफ अडवणारे उत्तम पदार्थ म्हणजे काच, धातू, अॅल्युमिनाचे थर, आणि ते सगळे पुन्हा कडक भाकरीच्या जातीचे. फिरून तिथेच. शिवाय उष्णतेत आयन जास्त चुळबुळ करतात आणि लिहिलेला धागा विरायला लागतो. म्हणून मेमरी किती वर्षं टिकेल याचा अंदाज घ्यायला तिला ८५ अंशांच्या भट्टीत ठेवून बघतात, म्हणजे वर्षांचं म्हातारपण आठवड्यांत दिसतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर येत्या काही वर्षांत अंगावरच्या कपड्यात जी मेमरी येईल ती बहुतेक टणकच असेल, फक्त लहान. शर्टाला गुंडी असतेच की. मऊ कापडाला चार टणक ठिपके कुणाला टोचत नाहीत. पूर्ण मऊ मेमरीची खरी निकड शरीराच्या आत आहे. धडधडणाऱ्या हृदयाच्या पृष्ठभागावर, मूत्राशयाभोवती, मज्जातंतूवर. तिथे गुंडीसुद्धा रोज घासून जखम करेल.

हे सगळं मित्राला सांगितलं. तो माळेतली कार्डं मोजत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ते खरं बे, पण किती वेळा ताणलं तर चालतंय?"

मी म्हटलं, बऱ्याच निबंधांत हजार वेळा ताणून दाखवतात.

"आणि माणूस श्वास किती घेतोय?"

मिनिटाला पंधरा धरले. तासाला नऊशे. दिवसाला एकवीस हजार सहाशे. हजार वेळा म्हणजे सात मिनिटं वर एक तास. त्यानं माळेकडे बघितलं. बाराशे कार्डं, मिनिटाला एकशे वीस फेरे, म्हणजे एकेका कार्डाची पाळी दहा मिनिटांनी, आठ तासांच्या पाळीत अठ्ठेचाळीस ठोकरा. ही माळ त्याच्या वडिलांनी घेतलेली.

"आणि पिळून वाळत टाकायचं?" त्यानं विचारलं. पिळताना ताण, वळण आणि घसट तिन्ही एकदम येतात, आणि बहुतेक चाचण्या फक्त एकाच दिशेनं ओढून घेतलेल्या असतात, असं मी सांगू लागलो होतो. तेवढ्यात त्यानं कळ दाबली, माग सुरू झाला, आणि पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही. मानेवर ठिपका येत नव्हता.